जुनेराचा मऊपणा : बाळाच्या लंगोटांचा एक घरगुती इतिहास

दोन वर्षांपूर्वी वाईचे आमचे जुने घर रिकामे केले, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने 'बाळंतविडा' असे लिहिले होते. ट्रंक उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत २२ लंगोट, ८ दुपटी, ३ झबली आणि एक कुंची. सगळे धुऊन, घड्या घालून ठेवलेले. इतकी वर्षे पडून राहूनही कापड हाताला लोण्यासारखे लागत होते.

सुनेला तेव्हा सातवा महिना होता. तिने एक लंगोट उचलून गालाला लावला आणि विचारले, "आई, मी मागवलेले नवे लंगोट दोनदा धुतले तर पापडासारखे कडक झाले. हे इतके मऊ कसे? हे धुवायचे तरी कसे?"

मी पस्तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. उत्तर पेशवाईतला जमाखर्च मला पाठ आहे. पण लंगोट कसा धुवायचा, यामागे काही पद्धत होती का, ती कुणाची होती, हे मला सांगता येईना. आपल्याकडे दप्तरांत तोफांच्या दारूची नोंद सापडते, लग्नातल्या लुगड्यांची किंमत सापडते. बाळाच्या लंगोटाची सापडत नाही. तो ज्यांनी धुतला त्यांनी लिहिले नाही आणि ज्यांनी लिहिले त्यांनी तो धुतला नाही. मग मी माझ्याच घरापासून सुरुवात केली. जे आठवत होते ते लिहून काढले, नात्यातल्या तीन म्हाताऱ्या बायकांना विचारले आणि त्यांच्या सांगण्याचा अर्थ रसायनशास्त्राच्या व वैद्यकाच्या पुस्तकांत शोधला. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहे.

कापड

लंगोटाची गोष्ट कापडापासून सुरू होते, आणि ते कापड नवे नसते. मराठीत त्यासाठी स्वतंत्र शब्द आहे : जुनेर. वापरून वापरून विरलेले लुगडे किंवा धोतर म्हणजे जुनेर. घरात आलेल्या कापडाचा प्रवास ठरलेला असे. आधी लुगडे, मग जुनेर, जुनेराची दुपटी आणि लंगोट, ते झिजले की हात पुसायचे फडके आणि शेवटी जमीन सारवायचे पोतेरे.

नऊवारी लुगड्याचा हिशेब करून पाहावा. नऊ वार म्हणजे ३२४ इंच लांबी. पन्हा साधारण ४४-४५ इंच. बावीस इंचांचे चौकोन काढले तर दोन ओळींत २८ निघतात. बसण्याच्या आणि गुडघ्याच्या जागी लुगडे विरलेले असते, ती जागा व पदर वगळला तर २० लंगोट सहज होतात. दिवसा-रात्रीत तान्ह्या बाळाला तेवढेच लागतात. म्हणजे एका लुगड्यात एका दिवसाची बेगमी. तीन लुगडी साठवली की पावसाळ्यातही निभावून जाई.

आता त्या लुगड्याची धुणी मोजू. एकाआड एक दिवस ते धुतले असे धरले तर वर्षाला १८० आणि तीन वर्षांत पाचशेहून अधिक वेळा ते भिजले, चोळले, पिळले आणि उन्हात वाळले. बाळाच्या अंगाखाली येणारा मऊपणा बाळ जन्मण्याच्या आधीच कुणीतरी तीन वर्षे धुऊन तयार केलेला असे.

बाळासाठी आधी नवे कापड आणू नये, पहिले कपडे घरातल्या थोरांच्या जुन्या कापडाचे घालावेत, अशी समजूत आपल्याकडे होती आणि अनेक घरांत आजही आहे. थोरांचे आयुष्य बाळाला लाभावे, हा तिच्यामागचा भाव. पण कापसाचा धागा पाहिला तर या समजुतीला दुसरेही कारण दिसते. कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो. त्यात यंत्रमागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ चढवतात. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली आणि त्यानंतर गिरण्यांचा मांजरपाट गावोगावी पोहोचला. पण कोऱ्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा वर बसून राहतो. तोच थेंब जुनेरावर टाकला तर क्षणात पसरतो. लंगोटाला हवा तो हाच गुण. कोरे कापड वापरायचेच असेल तर ते सोड्याच्या पाण्यात उकळून मेण आणि खळ काढावी लागते, आणि पुढे चार-पाच वेळा धुतल्यावर ते नीट शोषू लागते. सुनेच्या नव्या लंगोटांची निम्मी तक्रार येथेच होती. दोन धुण्यांत ते अजून कोरेच होते.

हा विचार आजचा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात बाळाच्या अंथरुणा-पांघरुणाविषयी स्पष्ट सूचना आहेत. ती मऊ, हलकी, स्वच्छ आणि सुवासिक असावीत. घामाने, किड्यांनी, मलमूत्राने खराब झालेली टाकून द्यावीत. पण ग्रंथकार तेवढ्यावर थांबत नाही. दुसरी मिळणे शक्य नसेल तर तीच चांगली धुऊन, धुरी देऊन, पूर्ण वाळवून वापरावीत, असे तो सांगतो. ज्याच्या घरी दुसरे कापड नाही अशा आईचा त्या ग्रंथात विचार झालेला पाहून मला बरे वाटले. पुढे धुरीची द्रव्येही दिली आहेत : जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड अशी. मात्र 'चांगली धुऊन' म्हणजे कशी, कुणी, कोणत्या पाण्याने, हे तेथेही नाही.

धुणे

आमच्या घरी ते आत्याआजीला ठाऊक होते. ती माझ्या आजोबांची धाकटी बहीण. तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमची. मला आठवते तेव्हा ती साठीला टेकलेली होती आणि तांबडे आलवण नेसत असे. घरात जन्मलेल्या दोन पिढ्यांचे लंगोट तिने धुतले.

तिची पद्धत अशी होती. मोरीबाहेर दोन घंगाळी असत. नुसते ओले झालेले लंगोट एकात, शी झालेले दुसऱ्यात. शीचा लंगोट ताबडतोब थंड पाण्याने निपटायचा. गरम पाणी आधी घातलेले तिला चालत नसे, कारण मग डाग 'बसतो'. हे खरे आहे. उष्णतेने प्रथिने गोठतात आणि धाग्याला धरून ठेवतात. हे पहिले पाणी परसातल्या केळींना जाई. मग लंगोट रिठ्याच्या पाण्यात भिजत पडत. रिठे फोडून, बिया काढून, टरफले रात्रभर भिजवून ते पाणी केलेले असे. चोळणे हातानेच, धोपाटणे लंगोटाला लावायचे नाही, कारण जुनेर आधीच विरलेले. चार दिवसांतून एकदा सगळे लंगोट तपेल्यात घालून राखेच्या निवळीत उकळायचे. राख पाण्यात कालवून रात्रभर ठेवली की वर जे नितळ पाणी येते त्यात क्षार असतो. त्याने तेलकटपणा आणि वास जातो. बाळाला रोज तेल लावत असल्यामुळे लंगोट तेलकट होतच, आणि तेलकट कापड पाणी पीत नाही.

यानंतर खळबळणे. घरी एक पाणी आणि उरलेली दोन कृष्णेवर, गणपती घाटाच्या खालच्या अंगाला. तीन पाण्यांशिवाय लंगोट दांडीवर जात नसे. शेवटच्या पाण्यात ती स्वयंपाकघरातल्या पिळलेल्या लिंबाच्या साली चुरडून घाली. राखेचा उरलासुरला क्षार आंबटाने मारला जातो, हे तिने कुठे वाचले नव्हते. हाताला बुळबुळ लागेनाशी झाली की काम झाले, ही तिची परीक्षा होती.

वाळवण्याचीही रीत होती. पिळून झाल्यावर प्रत्येक लंगोट दोन टोकांना धरून फाडकन झटकायचा आणि किंचित दमट असतानाच दांडीवरून काढून दोन्ही हातांत चुरगळून, चोळून पुन्हा घालायचा. लहानपणी मला हा वेळेचा अपव्यय वाटे. २०२० मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी सुती कापड वाऱ्याशिवाय वाळले की कडक का होते, यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे, की कापड वाळले तरी तंतूंच्या पृष्ठभागावर थोडे पाणी बांधलेले राहते आणि तेच शेजारच्या तंतूंना एकमेकांशी चिकटवते. कापड हलवले, चोळले की ही चिकटण सुटते. आत्याआजीचे झटकणे आणि चुरगळणे हे त्याच चिकटणीवरचे उत्तर होते.

पावसाळ्यात दांडी घरात येई. शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट पसरत. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकले की धुरीही मिळे. चरकातली यादी आणि आमच्या घरची यादी एक नव्हती, पण रीत तीच होती. फक्त एक सांगायला हवे : बंद खोलीत निखारे ठेवणे जिवावर बेतू शकते. त्या रीतीतला हा भाग आता करू नये.

पाणी

माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत हिशेबनीस होते. १९६१ मध्ये धाकट्या भावाचा जन्म तेथे झाला. आम्ही वाड्यात राहत होतो आणि पाणी वाड्यातल्या आडाचे होते. आईने वाईहून आणलेले लंगोट तिसऱ्या आठवड्यात ताठ झाले. त्यांच्यावर करडा थर चढला, आणि बाळाने ओले केले की डोळ्यांत झोंबेल असा वास येऊ लागला. महिन्याभरात बाळाच्या मांड्या आणि ढुंगण लालभडक झाले. तो रात्र रात्र रडे. आईने अधिक साबण लावायला सुरुवात केली. लंगोट अधिकच ताठ झाले आणि कातडी सोलवटली. जवळच्या एका डॉक्टरांनी मलम दिले, ते संपले की पुन्हा तेच.

तिसऱ्या महिन्यात आत्याआजी वाईहून आली. तिने बाळाकडे पाहिले, मग सरळ मोरीत गेली. हातावर पाणी घेऊन साबण चोळला. फेस येईना; बोटांना दह्यासारखे कण लागले. ती आईला म्हणाली, "अगं, हे पाणी साबण खातंय. पोराला कापड नाही, चुन्याची भिंत बांधतेयस तू."

दख्खनच्या काळ्या दगडातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, बोलीत जड पाणी. साबणाचा या क्षारांशी संयोग झाला की न विरघळणारा साका तयार होतो आणि तो कापडात अडकतो. किती साबण वाया जातो, याचा हिशेब करता येतो. लिटरला ३०० मिलिग्रॅम जडपणा असलेले पाणी धरले तर २० लिटरच्या एका बादलीत सुमारे ३५ ग्रॅम साबण नुसता साका होण्यात जातो; त्यानंतर लावलेला साबण मळ काढू लागतो. कोकणात जांभ्याच्या दगडातले पाणी हलके, तेथे थोड्या साबणाला भरपूर फेस येतो. एकाच पद्धतीने धुतलेला लंगोट रत्नागिरीत मऊ आणि सोलापुरात कडक होतो, यात धुणारीचा दोष नसतो.

आत्याआजीने साबण बंद केला. रिठे आणले. रिठ्यातला फेस आणणारा पदार्थ साबणासारखा चुन्याबरोबर साका करत नाही आणि त्याचे पाणी किंचित आंबट असते. त्याआधी दोन दिवस तिने लंगोट धुण्याच्या सोड्यात उकळून जुना थर काढला. सोडा घालून पाणी थोडा वेळ ठेवायचे, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळलेले पाणी वापरायचे आणि मग लिंबाच्या पाण्यातून काढायचे. दहा-बारा दिवसांत भाऊ बरा झाला.

असे पुरळ का उठते, याविषयी वैद्यकाचे मत शंभर वर्षांत दोनदा बदलले. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे डॉक्टर जे. व्ही. कुक यांनी १९२१ मध्ये दाखवले की विष्ठेतले काही जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनवतात; लंगोटाचा झोंबणारा वास त्याचाच. त्यांनी लंगोट जंतुनाशक पाण्यात खळबळण्याचा उपाय सुचवला. पुढे १९७०-८०च्या दशकांत असे दिसले की नुसत्या अमोनियाने धडधाकट कातडी सोलवटत नाही. १९८६ मध्ये बकिंगहॅम आणि बर्ग या संशोधकांनी मांडले की अमोनियामुळे कातडीवरचा आंबटपणा जाऊन क्षारता वाढते, त्या क्षारतेत विष्ठेतली पाचकद्रव्ये सक्रिय होतात आणि तीच ओलसर कातडी खातात. हे वाचताना मला लिंबाच्या साली आठवल्या. आत्याआजीने रोगाचे कारण शोधले होते असे मी म्हणणार नाही. पण क्षार कापडात राहू द्यायचा नाही, हे तिच्या बोटांना कळलेले होते.

साबण आणि त्यानंतर

ज्या साबणाने आमच्या घरात गोंधळ केला, तोही घराघरांत तसा अलीकडेच शिरलेला होता. लिव्हर ब्रदर्सच्या 'सनलाइट' साबणाची खोकी १८८८ मध्ये कोलकात्याच्या बंदरात उतरली. साबणात प्राण्यांची चरबी असते, म्हणून सोवळ्या घरांत तो बराच काळ मोरीबाहेर राहिला. अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलापासून साबण काढला आणि १९१८ मध्ये त्यांचा 'चावी' साबण बाजारात आला; तेव्हा ही अडचण दूर झाली. १९५९ मध्ये 'सर्फ'ची भुकटी आली आणि १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत 'निरमा' सुरू केला. ही भुकटी म्हणजे साबण नव्हे. जड पाण्यातही तिचा साका होत नाही. दख्खनच्या बायकांना हा मोठाच दिलासा होता. पण भुकटी कापडातून निघायला भरपूर पाणी लागते, आणि तीन पाण्यांची शिस्त नळाच्या तासाभराच्या पाण्यात मोडली.

मग कापड मऊ करणारी द्रव्ये आली. शेवटच्या पाण्यात झाकणभर टाकली की टॉवेल सुळसुळीत होतात. ती धाग्यावर स्निग्ध थर चढवतात, म्हणून हाताला मऊ लागते. त्याच थरामुळे कापडाची शोषण्याची ताकद कमी होते. सुनेच्या लंगोटांची उरलेली तक्रार येथे सापडली. कडक झाले म्हणून तिने असे द्रव्य घातले, आणि लंगोट मऊ झाले पण बाहेर गळू लागले. बाळाला हवा असलेला मऊपणा थर चढवून येत नाही, थर काढून येतो.

कापडात राहिलेले

लंगोटात काही राहून गेले तर काय होते, याच्या तीन नोंदी वैद्यकीय साहित्यात मिळाल्या आणि त्या मी विसरू शकत नाही. १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम रेनर या डॉक्टरांनी नवजात बाळे अचानक निळी पडल्याचे नोंदवले. लंगोटांवर खूण म्हणून मारलेल्या शिक्क्याच्या शाईतले अ‍ॅनिलिन कातडीतून आत गेले होते. १९८० मध्ये अर्जेंटिनात ब्वेनोस आइरेसला लंगोट धुऊन देणाऱ्या एका धुलाईकेंद्राने पाऱ्याचे जंतुनाशक वापरले आणि हजारो बाळांच्या शरीरात पारा गेला.

तिसरी नोंद वाचताना माझा हात थांबला. १९६३ मध्ये ग्रीसमधल्या डॉक्टरांनी २१ नवजात बाळांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या होत्या आणि त्यांना तीव्र कावीळ झाली होती. कारण होते नॅफ्थलीन, म्हणजे डांबराच्या गोळ्या. बाळांच्या खोलीतले कपडे आणि पांघरुणे त्या गोळ्यांत ठेवलेली होती. यांतल्या बऱ्याच बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी होते. हा दोष भारतातही अनेक समाजांत आढळतो. आपल्याकडे बाळंतविड्याची ट्रंक आणि डांबराच्या गोळ्या यांची जोडी घरोघर आहे. माझ्या सुनेने गालाला लावलेला लंगोट त्याच गोळ्यांतून निघाला होता. म्हणून येथे स्पष्ट लिहिते : बाळाचे कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवू नयेत, आणि ठेवलेले असतील तर ते धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हावाऱ्यात ठेवल्याशिवाय बाळाजवळ आणू नयेत.

हात

येथवर कापड, पाणी आणि साबण यांची गोष्ट झाली. हातांची राहिली.

वाईच्या घरी बाळंतपणानंतरचे पहिले दहा दिवस लंगोट आत्याआजी धूत नसे. ते काम सुईणीचे. गावोगावी सुईणपण मांग, महार, न्हावी अशा समाजांतल्या बायकांकडे असे. आमच्याकडे येणारी मांगवाड्यातली होती. सोयराचे दहा दिवस ती बाळंतिणीच्या खोलीत असे, बाळाला न्हाऊ घाली, घाणीचे सगळे कापड धुई. सोयर फिटले की तिला लुगडे-चोळी आणि शिधा मिळे, आणि त्या दिवसापासून ती पुन्हा अंगणाबाहेर. ज्या हातांनी बाळ जगात आणले त्यांचा विटाळ अकराव्या दिवशी परत येई.

अकराव्या दिवसापासून आत्याआजी. बारशाला ती माजघरात नसे, परसात असे. बाळाला पाळण्यात घालायला, कुंची चढवायला सवाष्णी लागत. जुनेर निवडतानाही लुगडे सवाष्णीचेच हवे. तिचे आलवण लंगोटाला चालत नसे. तिच्या हातचे धुणे मात्र चाले. या गोष्टी त्या काळी कुणाला वेगळ्या वाटल्या नाहीत. मलाही वाटल्या नाहीत, आणि हे मी लपवत नाही.

ट्रंकेतली दुपटी धुताना एकाची शिवण उसवली. वर आईच्या हिरव्या लुगड्याचे जुनेर, खालीही तेच. आणि दोन्हींच्या मध्ये, कुणाला दिसणार नाही असे, तांबडे आलवण. टाका आईचा होता, तो मी ओळखते. त्या दुपट्यावर धाकटा भाऊ वाढला. आईने हे का केले, हे ती कधी बोलली नाही. सोलापूरच्या त्या तीन महिन्यांनंतर केले असावे, असे मला वाटते.

माझा मुलगा १९८८ मध्ये झाला. मी तेव्हा नोकरीत होते. लंगोट धुवायला मी बाई ठेवली. धुण्याभांड्यांच्या पगारावर 'लंगोटांचे वेगळे' म्हणून काही रुपये ठरवले आणि त्यावरही घासाघीस केली. तिचे स्वतःचे मूल तेव्हा सात महिन्यांचे होते. त्याचे लंगोट कोण धूत होते, हे मी तिला कधी विचारले नाही.

फेकून देण्याचा काळ

ज्या १९६१ मध्ये भाऊ जन्मला, त्याच वर्षी अमेरिकेत 'पॅम्पर्स' बाजारात आले. आपल्याकडे डायपर शहरांत दिसू लागले ते नव्वदच्या दशकात. आता ते तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानातही सुटे मिळतात. त्यांनी बायकांची झोप वाचवली, नोकऱ्या टिकवल्या, याचे मोल मी कमी मानत नाही. रात्री तीन वाजता उठून लंगोट निपटणारीला कुणी पर्यावरणावर व्याख्यान देऊ नये.

पण घाण कुणाच्या तरी हाताला लागणे संपले नाही. ते घराबाहेर गेले. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. तिच्या सभासद बायकांना ओल्या-सुक्या कचऱ्यात न गुंडाळलेले डायपर आणि सॅनिटरी पॅड हाताने वेगळे करावे लागत. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले पॅड गोळा करून बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवण्याची मोहीम केली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत डायपरची गणना सॅनिटरी कचऱ्यात झाली. तो नीट गुंडाळून द्यावा, आणि त्यासाठी वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांचीही आहे, असे ठरले. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, अशी या बायकांची साधी मागणी आहे. माझ्या सोसायटीतल्या डब्यात असा ठिपका मला क्वचितच दिसतो.

कापडी लंगोट चांगला की डायपर, यावर ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये हिशेब मांडला. अडीच वर्षांच्या वापरात डायपरमुळे सुमारे ५५० किलो आणि कापडी लंगोटांमुळे सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो, म्हणजे जवळजवळ सारखाच. मात्र लंगोट यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले, तर हा भार ४० टक्क्यांपर्यंत कमी होतो. यंत्रात गरम हवेने वाळवले तर उलट वाढतो. कापड आपोआप शहाणे नसते. दोरी, ऊन आणि धाकट्या भावंडापर्यंत जपून ठेवलेली ट्रंक यांनी ते शहाणे होते.

ट्रंकेचे पुढे

आमच्या घरी मधला मार्ग निघाला. रात्री आणि प्रवासात डायपर, दिवसा घरात लंगोट. ट्रंकेतले सगळे कापड धुऊन महिनाभर गच्चीवर उन्हावाऱ्यात ठेवले. नातू झाल्यावर बालरोगतज्ज्ञांना गोळ्यांची गोष्ट सांगून त्याची जी-सिक्स-पीडीची तपासणी करून घेतली आणि मगच ते वापरायला काढले. नवे लंगोट एकदा सोड्यात उकळले, पुढे चार वेळा नुसतेच धुतले. मऊ करणारे द्रव्य बंद केले. भुकटी कमी केली, खळबळण्याची एक फेरी वाढवली. आमच्या बोअरचे पाणी जड आहे, म्हणून भिजवायला आणि शेवटच्या खळबळण्याला पिण्याच्या नळाचे पाणी घेतो.

धुतो माझा मुलगा. हे कुणी ठरवले नाही. सून बाळंतीण, मी गुडघ्यांनी अधू, आणि कामवाल्या मावशींना हे सांगायचे नाही असे मी आधीच म्हटले होते. पहिल्या दिवशी तो नाक दाबून मोरीत उभा होता. आता तो शीचा लंगोट आधी थंड पाण्यात निपटतो. गच्चीवर दोरीपाशी प्रत्येक लंगोट दोन टोकांना धरून झटकतो, तो आवाज खालपर्यंत येतो.

परवा त्याने वरूनच हाक मारून विचारले, "आई, थोडे दमट आहेत अजून. काढू का?"

"काढ," मी म्हटले. "हातात चुरगळ आणि पुन्हा घाल."